व्हॅलेंटाइनच्या भेटीसाठी घरची मोची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी जवळ आला की मोची या चिकट तांदळाच्या जपानी मिठाईबद्दल ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात: समोरचा माणूस ही मोची किती वाजता खाणार आहे? मोची ताजी असतानाच मोची असते. साखर, सारण, डबा आणि कामाची वेळ, सगळं त्या एका उत्तरावरून ठरवायचं.

१. मोची, दाइफुकु, ग्युही अशी वेगवेगळी नावं दिसतात. मी नक्की काय बनवणार आहे?

मोची म्हणजे मुळात ‘मोचीगोमे’ हा चिकट तांदूळ वाफवून, ‘उसु’ नावाच्या उखळात ‘किने’ या लाकडी हातोड्याने कुटून केलेला गोळा. जपानमध्ये नववर्षाच्या सुमारास हे कुटण्याचं काम चारचौघांनी मिळून केलं जातं. सारण भरलेल्या गोल मोचीला दाइफुकु म्हणतात. ग्युही हा मोचीचाच मऊ प्रकार. त्यात तांदूळ कुटत नाहीत, चिकट तांदळाचं पीठ, पाणी आणि भरपूर साखर एकत्र शिजवतात. घरी भेटीसाठी आपण करतो ती ग्युहीची पारी असलेली दाइफुकु. उखळ लागत नाही आणि कुटलेल्या मोचीपेक्षा ती जास्त वेळ मऊ राहते.

२. जपानमध्ये व्हॅलेंटाइनला चॉकलेट देतात ना? मग मोची दिलेली चालते का?

चालते, आणि चॉकलेटचं सारण भरलं तर दोन्ही साधतं. तिथे या दिवसाचं चॉकलेटशी नातं मिठाईवाल्यांनी जोडलं. कोबेच्या मोरोझोफने १९३६ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रात व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटची जाहिरात दिली. १९५८ मध्ये मेरी चॉकलेटने टोकियोत शिंजुकूच्या इसेतान दुकानात विक्री लावली. पुढे १४ फेब्रुवारीला बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायची रीत पडली. आवडत्या माणसासाठी ‘होनमेई-चोको’, सहकाऱ्यांसाठी रीत म्हणून ‘गिरी-चोको’, मैत्रिणींमध्ये ‘तोमो-चोको’. होनमेई आणि तोमो या दोन्हींसाठी घरी केलेल्या भेटीला विशेष मान असतो, म्हणून त्या आठवड्यात शाळकरी मुली सुद्धा स्वयंपाकघरात दिसतात.

परतफेड १४ मार्चला, ‘व्हाइट डे’ला. त्या कल्पनेची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस फुकुओकाच्या इशिमुरा मानसेइदो या मिठाईच्या दुकानाने मार्शमॅलोपासून केली. त्या दिवसासाठी पांढऱ्या चॉकलेटचं सारण घालून पांढरीशुभ्र दाइफुकु केली तर शोभून दिसते.

३. कोणतं पीठ आणू? पाकिटांवर तीन-चार वेगळी नावं आहेत.

शिरातामाको, मोचीको आणि ग्युहीको ही तिन्ही चिकट तांदळाचीच पिठं आहेत. फरक दळण्यात आहे. शिरातामाकोसाठी तांदूळ पाण्यात भिजवून ओला दळतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. म्हणून ते पिठासारखं दिसत नाही, पांढऱ्या खड्यांसारखं दिसतं. त्याची पारी सर्वांत गुळगुळीत आणि लवचिक होते. मोचीको बारीक आणि सहसा स्वस्त असतं, त्याची पारी किंचित जड लागते आणि तांदळाची चव जास्त येते. ग्युहीको अतिशय तलम असतं. पहिल्यांदाच करत असाल तर शिरातामाको घ्या. त्याचे खडे आधी थोड्या पाण्यात बोटांनी चोळून विरघळवायचे आणि साखर नंतर घालायची. क्रम उलटा झाला तर गुठळ्या राहतात.

पाकिटावर ‘जोशिनको’ असेल तर ते ठेवून द्या. कारण पुढच्या उत्तरात.

४. साधं तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा वापरला तर?

मोची होणार नाही. स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. चिकट तांदळात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिनच असतं आणि मोचीचा ताण त्यातूनच येतो. साध्या तांदळात अमायलोजही बऱ्यापैकी असतं, त्यामुळे त्याचा गोळा तुटक होतो आणि थंड झाल्यावर लवकर घट्ट बसतो. जोशिनको म्हणजे हेच साध्या तांदळाचं पीठ. काड्यांवर ओवलेल्या ‘दांगो’ या गोळ्यांसाठी ते छान, पण ताणून सारण गुंडाळायला निरुपयोगी. कॉर्नफ्लॉवर फक्त वरून भुरभुरायला वापरा.

५. नेमकं प्रमाण आणि कृती सांगा.

साधारण १० नगांसाठी १०० ग्रॅम शिरातामाको, ८० ग्रॅम साखर आणि १५० मिलि पाणी. वरून लावायला ‘काताकुरिको’, म्हणजे बटाट्याचं स्टार्च, चांगलं अर्धी वाटी. सारणाचे गोळे आधीच तयार आणि गार हवेत (प्रश्न ८).

काचेच्या भांड्यात पिठावर पाणी थोडं थोडं घालत ते विरघळवा, मग साखर मिसळा. मिश्रण दुधासारखं दिसेल. सैल झाकण ठेवून ६०० वॉटला २ मिनिटं मायक्रोवेव्ह करा. बाहेर काढल्यावर कडेने घट्ट आणि मधे पातळ असेल. ओल्या रबरी उलथन्याने तळापासून घोटा. पुन्हा १ मिनिट, पुन्हा घोटा. मग ३०-३० सेकंदांनी तपासत राहा.

झालं हे घड्याळापेक्षा रंगावरून ओळखा. कच्चं असताना मिश्रण खडूसारखं पांढरं असतं. शिजत आलं की ते अर्धपारदर्शक होतं, चकाकतं, आणि उलथनं वर उचललं की तुटून पडण्याऐवजी पट्ट्यासारखं लांब ताणलं जातं. कुठेही पांढरा ठिपका दिसला तर तिथलं पीठ कच्चं आहे. मग अजून ३० सेकंद द्या. शेवटी एक मिनिट जोर लावून घोटा. हात दुखतो, पण पारीचा गुळगुळीतपणा या घोटण्यातूनच येतो.

गोळा स्टार्च पसरलेल्या ताटात काढा, वरूनही स्टार्च भुरभुरा, कोमट होऊ द्या आणि १० भाग करा.

६. मायक्रोवेव्ह नसेल तर?

वाफवा. तेच मिश्रण उथळ भांड्यात घालून, उकळत्या पाण्यावर झाकण ठेवून १५ ते २० मिनिटं. मधे एकदा नीट ढवळा. झाकणाला सुती कापड बांधायला विसरू नका, नाहीतर वाफेचे थेंब पडून पारी पचपचीत होते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर घोटूनही करता येतं, मात्र हात एक क्षणही थांबवता येत नाही. झालं की नाही, ते ओळखायची खूण तीच, प्रश्न ५ मधली.

७. साखर फार वाटते. निम्मी केली तर चालेल?

दोन-तीन तासांत खाल्ली जाणार असेल तर चालेल. साखर इथे फक्त गोडीसाठी नाही. ती पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला पुन्हा घट्ट होऊ देत नाही. निम्म्या साखरेची पारी संध्याकाळपर्यंत कडक होते. भेट दुसऱ्या दिवशी उघडली जाणार असेल तर पारीची साखर ठेवा आणि सारणाची गोडी कमी करा. कडवट चॉकलेट घेतलं की एकूण चव आपोआप सावरते.

८. चॉकलेटचं सारण कसं करायचं? माझं नेहमी वितळून बाहेर येतं.

१४० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. ७० मिलि क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, मिनिटभर तसंच ठेवा आणि मधून बाहेर असं हळूहळू ढवळा. हे गनाश फ्रिजमध्ये घट्ट करून २० ग्रॅमचे गोळे वळा आणि ते गोळे निदान तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. दुधाचं किंवा पांढरं चॉकलेट मुळातच मऊ असतं, त्याला क्रीम आणखी कमी लागतं. वजनाने चॉकलेटच्या एक तृतीयांश घ्या.

वितळण्याची कारणं दोन. एक तर पारी गरम असते. ती मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. दुसरं, सगळे गोळे एकदम बाहेर काढून ठेवलेले असतात. एका वेळी दोनच काढा.

गुंडाळताना सारण दगडासारखं कडक असलं तरी काळजी नको. अर्ध्या-पाऊण तासात ते आतून मऊ होतं.

९. आत अख्खी स्ट्रॉबेरी घालायची आहे. चॉकलेटमध्येच बुडवू का?

स्ट्रॉबेरीची ‘इचिगो दाइफुकु’ १९८० च्या दशकात जपानमध्ये लोकप्रिय झाली आणि ‘आम्हीच पहिल्यांदा केली’ असं सांगणारी दुकानं तिथे एकापेक्षा जास्त आहेत. फेब्रुवारी हा जपानमध्ये स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामाचा काळ, त्यामुळे व्हॅलेंटाइनशी तिचा मेळ सहज बसतो.

अडचण पाण्याची आहे. फळ धुऊन कापडाने टिपा आणि देठ काढल्यावर कापलेली बाजू खाली करून अर्धा तास कोरड्या कागदावर ठेवा. अर्धी कापलेली फोड आत घालू नका, तासाभरात रस सुटतो. स्ट्रॉबेरी लहान निवडा, नाहीतर नग तोंडात मावत नाही आणि पारी ताणून फाटते.

चॉकलेटपेक्षा ‘शिरोआन’ किंवा ‘आंको’चं आवरण मला जास्त योग्य वाटतं. शिरोआन म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं आणि आंको म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं, साखर घालून आटवलेलं पुरण. ते थोडा रस शोषून घेतं. गनाश रसाने सैल होऊन घसरतं. चॉकलेट हवंच असेल तर शिरोआनमध्ये थोडं वितळलेलं पांढरं चॉकलेट मिसळा. गुंडाळताना स्ट्रॉबेरीचं टोक पारीच्या मध्यावर खाली करून ठेवा आणि बुडाशी तोंड बंद करा. उलटं केलं की टोक वर येतं आणि गुलाबी छटा पारीतून दिसते.

ही दाइफुकु त्याच दिवशी खायची. तिला अपवाद नाही.

१०. पारी हाताला चिकटते, पण तोंड मात्र बंद होत नाही. असं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. स्टार्च कुठे लावायचा आणि कुठे नाही, यावर सगळं अवलंबून असतं. हाताला, ताटाला आणि पारीच्या बाहेरच्या बाजूला भरपूर लावा. आतल्या बाजूला, विशेषतः कडेला, अजिबात नको. स्टार्च लागलेल्या दोन कडा एकमेकींना धरत नाहीत. चुकून लागला तर कोरड्या ब्रशने झटका, तरीही धरेना तर कडेवरून ओलं बोट फिरवा.

गोळा ८ ते ९ सेंटिमीटरचा चपटा करा, मधे जाड आणि कडेला पातळ. सारण मध्यावर ठेवून समोरासमोरच्या कडा वर आणा, चिमटा, मग उरलेल्या दोन, मग मधले कोपरे. चिमटलेली बाजू खाली ठेवून दोन तळहातांमध्ये हलकेच फिरवा. पारी फार गरम असेल तर बोटांना चिकटते, पूर्ण थंड झाली तर चिमटून जुळत नाही. मधला वेळ साधारण १० मिनिटांचा असतो, म्हणून कापलेले भाग झाकून ठेवा. एखादी फाटली तर त्यावर दुसऱ्या नगाची किनार लावून जोडण्याच्या फंदात पडू नका. ठिगळ कायम दिसतं. ती घरच्यांसाठी.

११. गुलाबी, हिरवी किंवा कोको रंगाची पारी कशी करू?

प्रश्न ५ च्या प्रमाणाला १ छोटा चमचा माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) किंवा २ छोटे चमचे गोडी नसलेला कोको. दोन्ही चाळून, कोरड्या साखरेत आधी मिसळून मगच घाला, नाहीतर ठिपके राहतात. कोको पाणी शोषतो, म्हणून पाणी २ छोटे चमचे जास्त. गुलाबीसाठी फ्रीझ-ड्राय केलेल्या स्ट्रॉबेरीची पूड शेवटच्या घोटण्यात घाला. खाण्याचा रंग वापरत असाल तर सुईच्या टोकाएवढाच. शिजल्यावर पारी पारदर्शक होते आणि रंग गडद दिसू लागतो.

वरून लावायला स्टार्चऐवजी कोको किंवा ‘किनाको’, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, वापरता येतं. दोन्हींची चव स्टार्चपेक्षा कितीतरी चांगली लागते.

१२. फ्रिजमध्ये ठेवली आणि रबर झाली. काय चुकलं?

फ्रिज. शिजलेल्या स्टार्चचे धागे थंड होताना पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पाणी बाहेर टाकतात. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये, हे सर्वांत वेगाने होतं. आंकोची दाइफुकु गार खोलीत हवाबंद डब्यात त्या दिवसापुरती बाहेरच ठेवा.

क्रीम घातलेल्या गनाशची गोष्ट वेगळी, ते तासन्तास उबेत ठेवता येत नाही. हवा गार असेल तर काही तास चालेल. एरवी प्रत्येक नग पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, डबा जाड कापडात लपेटून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तो कप्पा त्यातल्या त्यात कमी थंड असतो. खाण्यापूर्वी २० ते ३० मिनिटं बाहेर. जास्त दिवस हवी असेल तर सरळ गोठवा. फ्रीझरमध्ये ती फ्रिजपेक्षा चांगली टिकते, कारण घट्ट होण्याच्या टप्प्यातून ती झटकन पार होते.

कडक झालेली सारणाविना पारी मायक्रोवेव्हमध्ये १० सेकंदांत मऊ होते. चॉकलेट भरलेल्या नगाला हा उपाय करू नका.

१३. १४ तारखेला सकाळी वेळ नाही. किती आधी करता येईल?

मागून पुढे मोजा. संध्याकाळी ७ ला भेट उघडली जाणार असेल तर पारी त्याच दिवशी दुपारी. सकाळी द्यायची असेल तर १३ च्या रात्री उशिरा, आणि साखर पूर्ण प्रमाणात. गनाशचे गोळे ११ किंवा १२ तारखेलाच करून फ्रीझरमध्ये टाका, त्यांचं काही बिघडत नाही. डबे, कागदी वाट्या आणि चिठ्ठीही आधीच. शेवटच्या दिवशी फक्त पारी शिजवणं आणि गुंडाळणं उरलं पाहिजे. ते तासाभराचं काम आहे.

१४ ला अजिबातच वेळ नसेल तर १२ ला पूर्ण करून, एकेक गुंडाळून गोठवा आणि देण्याआधी दोन-तीन तास गुंडाळलेल्या स्थितीतच बाहेर काढा. आधीच उघडलीत तर हवेतली वाफ जमून पारी ओली होईल. स्ट्रॉबेरी असलेली मात्र गोठवू नका.

१४. दुसऱ्या गावी पार्सलने पाठवता येईल का?

सारण भरलेली नको. वाटेत दोन दिवस गेले तर ती कडक तरी होईल किंवा खराब तरी. त्याऐवजी बिनसारणाची ग्युही पाठवा. साखर १०० ग्रॅम पिठाला १५० ग्रॅमपर्यंत वाढवा, मिश्रण कढईत चांगलं आटवा, स्टार्च लावलेल्या चौकोनी डब्यात थापा, रात्रभर ठेवून सुरीने चौकोन कापा आणि कोकोत घोळवा. ती दोन-तीन दिवस मऊ राहते.

१५. आइस्क्रीमची मोची भेट म्हणून कशी वाटते?

समोर बसून खायची असेल तर सुरेख. जपानमध्ये लोत्तेची ‘युकिमी दाइफुकु’ १९८१ मध्ये आली. लॉस एंजेलिसमध्ये मिकावाया या मिठाईच्या कंपनीच्या फ्रान्सेस हाशिमोतो यांनी मोची आइस्क्रीम लोकांपर्यंत पोहोचवलं. घरी करताना आइस्क्रीमचे गोळे कपकेकच्या साच्यात रात्रभर दगडासारखे गोठवा. पारी मात्र इथे पूर्ण थंड हवी, प्रश्न ८ मधली कोमट नको, आणि साखर १०० ग्रॅम घ्या म्हणजे ती फ्रीझरमध्ये चावता येईल इतकी मऊ राहते. थंड पारीच्या कडा आपसूक चिकटत नाहीत, म्हणून नग प्लॅस्टिकमध्ये घट्ट पिळून लगेच फ्रीझरमध्ये टाका. डब्यात घालून कुठे नेण्याचा विचार सोडून द्या.

१६. पाकिटातली वाळलेली ‘किरीमोची’ घरात आहे. तिची पारी होईल?

होईल. ५० ग्रॅमचे दोन तुकडे लहान कापा, ४ मोठे चमचे पाणी आणि ३ मोठे चमचे साखर घालून मऊ होईपर्यंत मायक्रोवेव्ह करा आणि जोरात घोटा. पारी जरा जाडसर होते आणि लवकर कडक होते, त्यामुळे दोन तासांत खाण्यापुरतीच.

१७. ग्लुटेन, दूध, अंडं यांची अडचण असलेल्यांना देता येईल का?

तांदूळ चिकट असला तरी त्यात ग्लुटेन नसतं. पारीत अंडं, दूध, जिलेटिन काहीच नसतं. लक्ष सारणाकडे आणि वरच्या पिठाकडे द्यायचं. गनाशमध्ये क्रीम, किनाकोत सोया, काही चॉकलेटमध्ये दूध किंवा सुक्या मेव्याचे अंश. दूध टाळायचं असेल तर दूधविरहित डार्क चॉकलेट आणि क्रीमऐवजी घट्ट नारळाचं दूध, त्याच प्रमाणात. पिठाच्या पाकिटावरची सूचनाही वाचा, कारण काही गिरण्या त्याच यंत्रावर गहूही दळतात. डब्यावर सगळे घटक लिहा. भेट घेणारा माणूस विचारायला संकोचतो.

१८. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना द्यावी का?

लहानग्यांना देऊ नका. मोची चिकट असते, चावली जात नाही आणि श्वासनलिका बंद करू शकते. जपानमध्ये दर नववर्षाला यामुळे वयस्कर लोक दगावतात आणि टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी सावधगिरीच्या सूचना काढतं. वयस्कर माणसाला द्यायचीच असेल तर कात्रीने नखाएवढे तुकडे करा, आधी चहाचा किंवा पाण्याचा घोट द्या, आणि ते खाईपर्यंत शेजारी बसा. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना अजिबात नको. त्यांच्यासाठी सारणाचे चॉकलेट गोळे कोकोत घोळवून वेगळे ठेवा, तीही तुमच्याच हातची भेट आहे.

१९. डब्यात एकमेकींना चिकटू नयेत म्हणून काय करू?

प्रत्येकीला स्वतंत्र कागदी वाटी, तळाशी चिमूटभर स्टार्च, आणि एकच थर. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरते आणि वरचं स्टार्च लापशीसारखं होतं. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: केल्याची वेळ, कधीपर्यंत खायची, फ्रिजमध्ये ठेवायची की नाही. चार नगांचा डबा पुरतो. दहा दिल्या तर सहा दुसऱ्या दिवशी कडक झालेल्या खाव्या लागतात.

२०. ज्याला द्यायची त्याला गोड आवडतच नाही. तरी मोची द्यावी?

द्या, फक्त सारण बदला. ७० टक्के कोकोचं चॉकलेट घ्या, त्यात अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी आणि दोन चिमटी मीठ. पारी माचाची करा आणि वरूनही साखर नसलेला माचा चाळा. तो खाण्याआधी अगदी आयत्या वेळी चाळायचा, कारण पारीच्या ओलाव्याने तो काळसर पडतो. जपानमध्ये ‘शिओ दाइफुकु’ ही खारट छटेची आणि ‘मामे दाइफुकु’ ही कडधान्याच्या अख्ख्या दाण्यांची मोची अशा लोकांच्याच आवडीची. पारीची साखर मात्र इथेही कमी करू नका (प्रश्न ७). हवं तर पारी पातळ थापा आणि नग लहान करा, १० ऐवजी १४.